तिसरा ठोका

आमच्या धंद्यात चूक वरून दिसत नाही. ती दांडीच्या पोटात असते, गोंदाखाली, आणि गिऱ्हाईक बाहेरची चमक बघून खूश होऊन जातं. मी शिकारीचे बाण जुळवतो. दांड्या विकत येतात, पाती विकत येतात, मी दोघांची गाठ घालून देतो. ऐकायला सोपं वाटतं ना? ज्याला वाटतं त्याने येऊन एक डझन बसवून दाखवावेत. चहा माझ्याकडून.

दांडी कार्बनची, आतून पोकळ, करंगळीहून बारीक. तिच्या तोंडात पितळेची पेराएवढी नळी बसवायची. कॅटलॉगात तिला इन्सर्ट म्हणतात, आमच्या घरात वडिलांपासून ती नळीच. नळीला आतून आटे असतात, आणि त्या आट्यांत पातं फिरवून घट्ट करायचं. नळी दांडीत टिकते ती फक्त गोंदावर. गोंद सुटला की बाण कसला, नुसती काठी. म्हणून दांडी कापली की आतली काळी भुकटी स्पिरिटच्या कापसाने पुसायची, कापूस पांढरा बाहेर येईपर्यंत पुसायची. मग नळी गॅसच्या छोट्या दिव्यावर तापवायची. दांडी कधीच नाही, कारण कार्बन जळला तरी वरून कळत नाही. तापल्या नळीवर गोंदाची कांडी घासायची, गोल फिरवत आत ढकलायची, बाहेर आलेला गोंद टिपायचा, टोक पाण्यात बुडवायचं. आणि शेवटी कोपऱ्यातल्या दगडावर टोक खाली करून तीन ठोके. पहिला नळी तळाला बसावी म्हणून, दुसरा आवाज ऐकायला. मी लहानपणी वडिलांना विचारलं होतं, मग तिसरा कशाला? म्हणाले, "तिसरा आपल्या मनासाठी. तो टाळलास तर झोप लागायची नाही."

आणखी एक रीत त्यांचीच. नळी बसवण्याआधी तिच्या मागच्या अंगाला, जे कायमचं आत जाणार, तिथे पोलादी सुईने आपली खूण ओढायची. वडिलांची फुली, दादाची एक रेघ, माझ्या दोन. ती खूण कुणाला दिसायची नाही. नळी निसटली तरच दिसणार. "चूक बाहेर आली तर सहीसकट आली पाहिजे," असं वडील म्हणायचे. स्वतःची फुली मात्र त्यांना जन्मात कधी परत बघावी लागली नाही, म्हणून असली वाक्यं सुचायची.

हे सगळं सांगतोय ते कोपऱ्यातल्या त्या दगडासाठी. गेली आठ वर्षं रोज दुपारी चारच्या सुमाराला त्या दगडावर दोन ठोके पडायचे. ठक. ठक. तिसरा पडायचा नाही. आणि दादाला जाऊन आठ वर्षं झाली होती.

आधी वाटलं उंदीर असेल. मग वाटलं, उन्हाने खिडकीचं लाकूड तडकत असेल. माणूस स्वतःची समजूत घालायला बसला की लाकडालाही कामाला लावतो. शेवटी एकदा दांड्या कापून पडलेली काळी भुकटी मी दगडावर पसरली, बोटाने सारखी केली आणि समोर स्टूल घेऊन बसलो. चारला पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आत आलं. ठोके पडले. भुकटीत मोहरीएवढे दोन ठिपके उमटले, शेजारी शेजारी. मी उठलो आणि जिन्याच्या पायथ्याशी जाऊन उभा राहिलो. मी भित्रा नाही. पण आपल्याच भावाची भीती वाटते तेव्हा तिच्यात लाजही मिसळलेली असते, आणि ती कुणाला सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी शहाणपणा केला. दोन ठोके पडताच हातातला बाण घेऊन तिसरा मीच ठोकला. म्हटलं, घे बाबा, झालं तुझं. थोडा वेळ शांत गेला. मग पुन्हा ठक, ठक. परत ती हिंमत केली नाही.

घरातल्या मांजराला काही वाटायचं नाही. चार वाजले की ते शेपूट उभी करून दगडापाशी जायचं आणि मोकळ्या हवेला अंग घासायचं, दादाच्या पोटऱ्यांना घासायचं तसंच.

दादा काय सांगतोय हे मला कळतं, असं मी धरून चाललो होतो. तो माझ्याकडे बोट दाखवत होता.

नऊ वर्षांपूर्वी एका रानडुकराने वहिनींच्या भावाला मारलं. दादाची बायको ती माझी वहिनी, आणि हा तिचा एकुलता एक धाकटा भाऊ. पिकं उकरणारी डुकरं मारायचं काम त्याच्याकडे असायचं. त्याचं हसणं आधी दारात यायचं आणि तो मागून. त्याची बारा बाणांची ऑर्डर होती. सकाळी मी बसलो, कापूस ओला करायला बाटली तिरकी केली तर स्पिरिट संपलेलं. दुकान लांब. आळस आला. म्हटलं, घरचंच तर काम आहे. चार दांड्यांत नुसती फुंकर मारली, चार नळ्या बसवल्या, आणि मग मन खायला लागलं म्हणून स्पिरिट आणायला निघालो. परत आल्यावर चारही काढून नव्याने बसवायचे असं ठरवलं होतं. परत आलो तर टेबल रिकामं. उरलेले आठ दादाने बसवले होते आणि त्याचा मेव्हणा बारा घेऊन गेलासुद्धा होता. मी दादाला काही बोललो नाही. होईल नीट, असं मनाला सांगितलं.

तीन दिवसांनी बातमी आली. बाण डुकराच्या खांद्यात लागला होता, पण नळी पात्यासकट आत राहिली, दांडी गळून पडली, आणि डुक्कर उलटलं. ती दांडी मेव्हण्याच्या हाताशेजारी सापडली. दादाने ती उचलली आणि तिच्या तोंडात बघितलं. मग माझ्याकडे दिली. मीही बघितलं. आत गोंदाचा मागमूस नव्हता, नुसता काळा गोल होता. डुक्कर माग न ठेवता रानात नाहीसं झालं.

त्याला पोहोचवून घरी आलो तेव्हा मला राहवलं नाही. सगळे बसले होते, त्यांच्यासमोर म्हणालो, "वहिनी, चूक माझी आहे. स्पिरिट संपलं होतं. चार बाण मी न पुसता बसवले." दादा दाराशी उभा होता. तो काही बोलला नाही. वहिनींनी माझ्याकडे एकदा बघितलं, ते शेवटचं. दादाने त्यानंतर हातात नळी धरली नाही. रोज खाली येऊन दगडापाशी बसायचा. अकरा महिन्यांनी एका दुपारी तिथेच बसल्या बसल्या गेला. ऊन गुडघ्यावर होतं, मांडीवर एक कोरी दांडी होती. वहिनी रडल्या नाहीत. डोळे कोरडे ठेवून त्यांनी सगळं केलं आणि जिना चढून वर गेल्या, त्या परत कारखान्यात उतरल्या नाहीत.

त्या वर, मी खाली. घर एकच. बाहेर जायचं असेल तर त्या मागच्या दाराने जात. माझं ताट दोन वेळा जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर झाकून ठेवलेलं असायचं. त्या पायरीच्या खाली त्यांचं पाऊल पडायचं नाही. मला वाढायचं त्यांनी एक दिवसही चुकवलं नाही आणि माझ्याशी एक शब्दही बोलल्या नाहीत. बोलायच्या मांजराशी. "मांजरा, मीठ संपलंय. ज्याला ऐकू येत असेल त्याने आणावं." लेकी बोले सुने लागे, पण आमच्याकडे लेकीच्या जागी मांजर होतं. मी मीठ आणायचो. कधी कधी मीही मांजरालाच सांगायचो, की आमटीत मीठ जास्त झालंय. त्यावर वर भांडं आपटलं जायचं. तेवढाच आमचा संवाद.

घर सोडून का गेलो नाही, असं लोक विचारायचे. जाणार कुठे? गुन्हा इथे, तर शिक्षा भोगायला दुसरं गाव कशाला.

मग परवा खाटीक आला. आमच्या बाजारातला खाटीक म्हणजे मनाने लोणी आणि तोंडाने सुरी.

"काय कारागीर!" तो दारातूनच ओरडला. "तुझा माल परत आलाय. गॅरंटी आहे का अजून?" आणि टेबलावर कागदाची पुडी ठेवली. "म्हातारं डुक्कर रे. दात पार झिजलेले. शिकाऱ्यांनी काल पाडलं. खांदा फोडायला घेतला तर सुरी खटकन अडली. नवी कोरी सुरी, धार गेली की तिची. बघतो तर मांसाच्या गाठीत हे."

पुडीत गंजून लाल झालेलं पातं होतं आणि त्याच्या मागे नळी, आट्यांत घट्ट अडकलेली. अंगावर करड्या कवचाचा थर. मी हात लावला नाही.

"कुठला खांदा?" मी विचारलं.

"डावा."

मेव्हण्याचा बाण डाव्या खांद्यात लागला होता. हे सगळ्या बाजाराला माहीत होतं. खाटकाचं हसू तोंडातच राहिलं. डोक्यावरची टोपी काढून तो म्हणाला, "अरे देवा. ते हे?"

मी मान हलवली. आता या माणसाने गपचूप जावं की नाही? पण चांगल्या माणसांना चांगुलपणा आवरत नाही. तो तरातरा जिन्याशी गेला आणि वर तोंड करून म्हणाला, "वहिनी, ते डुक्कर मेलं हो! तुमच्या भावाचं! त्याचं पातं पण निघालं, इथे आणून ठेवलंय!"

वर काहीतरी हातातून पडलं आणि गोल फिरत थांबलं. खाटीक टोपी चुरगाळत निघून गेला. मी उभाच होतो. बऱ्याच वेळाने वरून आवाज आला, अगदी हळू.

"मांजरा, विचार त्याला. रेघा किती आहेत?"

मांजर माझ्या टेबलावर झोपलेलं होतं.

मी दार आतून लावलं. पातं पक्कडीत धरलं आणि नळी दिव्यावर आणली. नऊ वर्षांत मी ही नळी हजार वेळा मनात तापवली होती. प्रत्येक वेळी दोन रेघा. कवच करपून सुटलं, घाण वास आला, त्याखालचा गोंद मऊ झाला. तो सालीसारखा सोलून निघाला, अख्खा. त्याच्या बाहेरच्या अंगाला काळ्या भुकटीचा पातळ थर होता, म्हणजे दांडी पुसलेली नव्हती. इथवर सगळं मला माहीत असल्यासारखंच. मग मी मागचं अंग फडक्याने पुसलं आणि भिंगाखाली धरलं.

एकच रेघ होती.

मी पुन्हा पुसलं. नळी फिरवून फिरवून बघितली. एकच रेघ, दादाच्या हाताची, खाली किंचित डावीकडे वळणारी. त्याची सुई नेहमी तशीच वळायची.

खरं सांगतो, मी हसलो. मोठ्याने हसलो. छातीवर कुणी नऊ वर्षं बसून होतं आणि ते एकदम उठलं, आणि मला आधी दादाची आठवण आली नाही, मेव्हण्याचीही नाही. मी सुटलो, एवढंच मनात होतं. माझे ते चार बाण रानात कुठेतरी निमूट आपलं काम करून गेले होते. तो हा नव्हता. मी नळी मुठीत धरून जिन्याकडे धावलो. तिसऱ्या पायरीवरून वर बघितलं आणि हाक मारायला तोंड उघडलं.

वहिनी खिडकीशी उभ्या होत्या, माझ्याकडे पाठ करून. दादाचा जुना कोट त्यांनी उन्हात लावला होता आणि कॉलरवरची धूळ हाताने झटकत होत्या. दर आठवड्याला झटकायच्या. झटकून झालं की खांद्याच्या जागी हात ठेवून थोडा वेळ उभ्या राहायच्या. मी हे पूर्वीही पाहिलं होतं आणि नजर वळवली होती. भाऊ गेलेला. नवरा गेलेला. राहिला होता तो एक कोट, आणि त्या कोटातला माणूस निर्दोष होता हा भरवसा. तोही मी आता काढून घेणार होतो.

मी तोंड मिटलं आणि मागे फिरलो.

टेबलाशी बसून पोलादी सुई घेतली. मांजर जागं होऊन बघत होतं. त्याला म्हटलं, "तू काही बघितलेलं नाहीस." दादाच्या रेघेशेजारी, तिच्याच वळणाने, मी दुसरी रेघ ओढली. फडक्यावर घाण घेऊन ती थोडी मळवलीसुद्धा. मग नळी तिसऱ्या पायरीवर ठेवली, दुपारच्या रिकाम्या ताटाशेजारी, आणि म्हणालो, "दोन आहेत."

मी खाली येऊन एका दांडीला कानस घासत बसलो. ती दांडी कापायचीही नव्हती. साडेतीन वाजले असतील. जिन्यावर पावलं वाजली. चौथी पायरी, तिसरी. तिथे थांबली. मग दुसरी. मग पहिली.

आठ वर्षांनी वहिनी कारखान्यात उभ्या होत्या. मी उठायला हवं होतं, उठलो नाही. त्या सरळ टेबलापाशी आल्या, भिंग उचललं आणि हातातली नळी उजेडाकडे धरली. फार वेळ बघितलं नाही त्यांनी.

"भाऊजी, ही दुसरी रेघ कधी ओढलीत?"

"कधी म्हणजे? बसवताना. नऊ वर्षं झाली."

"एका रेघेत गोंद भरलाय," त्या म्हणाल्या. "दुसरी कोरी आहे."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. माझ्या मनात भर दुपार झाली. रेघ आधी ओढतात, गोंद नंतर लागतो, तो रेघेत शिरतो आणि तिथेच राहतो. तीस वर्षं हेच काम करणारा कारागीर मी, आणि ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही.

"चौदा वर्षं मी तुमच्या भावाला दांड्या पुसून दिल्या आहेत," वहिनी म्हणाल्या. "मला नका शिकवू." त्यांनी नळी खाली ठेवली आणि स्टुलावर बसल्या, दादाच्या स्टुलावर. "मला वाटलं होतं, तुम्ही धावत वर याल आणि माझ्या तोंडावर फेकाल. पायरीपर्यंत आलातसुद्धा. मी वळून बघितलं नाही. म्हटलं, येऊ दे, येणारच होतं कधीतरी."

"येणार होतं म्हणजे?"

"मला ठाऊक होतं, भाऊजी."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. त्या दगडाकडे बघत बोलत राहिल्या.

"जायच्या आठ दिवस आधी सांगितलं त्यांनी मला. स्पिरिट नव्हतं. माझा भाऊ इथे दारात उभा, खिदळतोय, दाजी आटपा, डुक्कर काय तुमच्यासाठी खोळंबून बसणार आहे? यांनी म्हटलं, घरचंच काम आहे. बाकीचे सात फडक्याने तरी कोरडे पुसले, शेवटचा तसाच बसवला. दगडावर घेतला. एक ठोका झाला. दुसरा झाला. दुसऱ्याचा आवाज ठप आला, पोकळ. यांना ऐकू आला तो. तिसरा मारून बघणार तर त्याने हसत हसत हातातून ओढून घेतला आणि पळाला. यांनी जाऊ दिला. हाक नाही मारली. एक हाक मारायची होती हो फक्त."

मी ऐकत होतो आणि माझ्या डोळ्यांसमोर दादा होता, त्या दिवशी दाराशी उभा असलेला. मी सगळ्यांसमोर माझी चूक माझी चूक म्हणत होतो, आणि तो गप्प. त्याला माहीत होतं. ठप आवाज कानात घेऊन तो गप्प उभा राहिला होता.

"मग मला का?" मी ओरडलो. कानस हातातून फेकली, ती भिंतीवर जाऊन आदळली. "आठ वर्षं पायरीवर ताट! कुत्र्याला ठेवतात तसं! तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही मला..."

"मेलेल्या माणसावर रागावता येत नाही," वहिनी म्हणाल्या. आवाज चढला नाही त्यांचा. "मी करून बघितलं. कोट पायाखाली तुडवला एकदा. मग रात्रभर शिवत बसले. राग तर उरलाच. तुम्ही समोर होतात, हात पुढे करून, मला द्या, मला द्या म्हणत. दिला तुम्हाला." आणि म्हणाल्या, "तुम्ही जिवंत होतात, हाच तुमचा गुन्हा, भाऊजी. दुसरा नाही."

मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. वहिनींना बोललो, दादाला बोललो, वडिलांना आणि त्यांच्या सहीलासुद्धा सोडलं नाही. शब्द संपले तेव्हा ऊन खिडकीतून आत येऊन दगडाच्या कडेला टेकलं होतं.

ठक. ठक.

मांजर उठून शेपूट उभी करून तिकडे गेलं. मी वहिनींकडे बघितलं. त्यांनी पदर तोंडाशी धरला होता.

"तुम्हालाही?" मी विचारलं.

"रोज. आधी वाटायचं, तुम्ही मला टोचायला मुद्दाम दोनच मारता. मग एकदा तुम्ही बाजारात होतात आणि तरी वाजले. दुसरा नीट ऐका कधी. ठप येतो."

इतकी वर्षं मी आकडा मोजत बसलो होतो, आवाज ऐकलाच नव्हता. मी समजत होतो, तो माझ्यावर बोट ठेवतोय. आणि तो बिचारा रोज त्याच्याच चुकीपर्यंत येऊन अडकत होता. पुढचं त्याच्या हातात नव्हतं. बाण तर मेव्हणा घेऊन गेला होता.

मी नवी दांडी काढली. वहिनींना काही सांगावं लागलं नाही. त्यांनी तारेला कापूस गुंडाळला, स्पिरिटमध्ये बुडवला आणि दांडी आतून पुसली. काळा आला. दुसरा घेतला, करडा आला. तिसरा, चौथा. पांढरा आल्यावर मला दाखवला, दादाला दाखवायच्या तसाच. मी ती जुनी नळी सुरीने खरवडली, पण मागच्या अंगाला हात लावला नाही. रेघा होत्या तशा राहू दिल्या, एक खरी आणि एक खोटी. तापवली. गोंद घासला. गोल फिरवत आत ढकलली. पाण्यात बुडवल्यावर चर्र आवाज झाला आणि वाफेचा एवढासा धागा वर गेला. गंजलं पातं टोकाला तसंच होतं.

दगडापाशी गेलो आणि बाण वहिनींपुढे धरला.

"तुम्ही ठोका," त्या म्हणाल्या. "माझ्याने नाही व्हायचं."

माझा राग अजून गेला नव्हता. आजही पुरता गेलाय असं म्हणत नाही. "मी एकदा ठोकून बघितलंय," मी म्हणालो. "मी चालत नाही त्याला. भाऊ तुमचा, नवरा तुमचा. तुम्हीच ठोका."

त्यांनी बाण दोन्ही हातांत धरला. पहिला ठोका अगदी हलका पडला. दुसरा नीट बसला, आवाज भरीव आला, ठक. मग त्या थांबल्या. मी त्यांच्या मनगटाकडे बघत होतो. मांजरही बघत होतं. ऊन गुडघ्याच्या उंचीवर आलं होतं, दादाच्या त्या दिवशीसारखं.

"हाक मारायची होती हो तुम्ही," वहिनी म्हणाल्या, दगडाला. आणि तिसरा ठोका मारला.

बाण तिथेच भिंतीला टेकवून ठेवला. तो विकायचा नाही. त्या वर गेल्या. मग भिंतीशी फेकलेली कानस मी शोधून खुंटीला लावली.

दुसऱ्या दिवशी साडेतीनपासूनच माझं कामात लक्ष नव्हतं. वहिनी त्या दिवशी उशिराने ताट घेऊन उतरल्या, तिसऱ्या पायरीवर थांबल्या नाहीत, ताट माझ्या हातात दिलं आणि परत जाऊन त्याच पायरीवर बसल्या. चारला ऊन आत आलं, दगडाच्या कडेला टेकलं, मग दगडावर चढलं. मांजर टेबलाखाली पाय पसरून झोपलेलं होतं. सव्वाचार झाले. रस्त्यावरून कुणीतरी हातगाडी ढकलत गेलं. साडेचारला ऊन दगडावरून उतरलं आणि भिंतीवर गेलं.

आठ वर्षं मी त्या आवाजाला शिव्या घातल्या होत्या. तो यावा म्हणून आता मी कान लावून बसलो होतो. ताटातली आमटी गार झाली होती.

वहिनी पायरीवरून उठल्या, माझ्याजवळ आल्या, आणि घरात वाईट घडलं की ते मोठ्या माणसाने सांगायचं असतं, तशा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "भाऊजी, दादा गेले तुमचे."

आणि मग त्या रडायला लागल्या, मोठ्याने, आठ वर्षांपूर्वी रडायला हवं होतं तशा. मीही.